एक्याऐंशी टक्के आणि पहिला पसंतीक्रम

१४ मे २०२३, रविवार. दुपारी आय.सी.एस.ई. बोर्डाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे होतो, कारण आमच्या घरात मोबाइलला रेंज तिथेच नीट येते. लेकीने एकेका विषयाचे गुण वाचले, पाठकोऱ्या कागदावर बेरीज केली. इंग्रजी धरून सर्वांत चांगले पाच विषय, पाचशेपैकी ४०८. म्हणजे ८१.६ टक्के. सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या, "अगं, डिस्टिंक्शनच्या कितीतरी वर आहेत की!" आणि पेढे आणायला यांच्या हातात पैसे ठेवायला उठल्या. लेक मात्र माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, ग्रुपवर टाकू नकोस हं. मावशीचा फोन आला तर अजून कळलं नाही म्हण."

दहावीला ८१ टक्के मिळवलेल्या मुलीला ते लपवावेसे का वाटले, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

तिच्या शाळेचं नाव मी घेत नाही. मुंबईत ज्या शाळांत मुलाला घालता आलं की नातेवाईक अभिनंदनाचे फोन करतात, त्यांतली ती एक. आम्ही दोघंही मराठी माध्यमातून शिकलेले, नोकरी करणारे, प्रभादेवीत दोन खोल्यांत राहणारे. तिला तिथे घातलं तेव्हा आम्हाला अगदी मनापासून वाटलं होतं की हिचं पुढचं सोपं झालं. आणि शाळेने दिलंही खूप. तिचं इंग्रजी, तिचं वाचन, चार लोकांत उभं राहून बोलण्याची सवय, हे सगळं तिथलंच आहे. पण त्याच शाळेत ती हळूहळू स्वतःला मठ्ठ समजायला लागली, आणि ते आमच्या फार उशिरा ध्यानात आलं.

तिची आठवी संपूर्ण मोबाइलच्या पडद्यावर गेली. २०२०-२१चं ते वर्ष. बीजगणिताचा पाया तिथेच कच्चा राहिला. नववीच्या ओपन हाउसला आम्ही गेलो तेव्हा गुणपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे दोन आकडे होते, मुलाचे गुण आणि शेजारी वर्गाची सरासरी. गणितात ५८, सरासरी ७६. इतिहास-नागरिकशास्त्रात ७१, सरासरी ८०. बाईंनी पेन्सिलीने सरासरीच्या आकड्यांखाली रेघा ओढल्या, तिच्या गुणांखाली नाही. मग म्हणाल्या, "शी इज ॲन ॲव्हरेज चाइल्ड, पण स्वभावाने फार गोड आहे." लेक शेजारीच बसली होती. घरी येताना टॅक्सीत तिने विचारलं, "आई, ॲव्हरेज म्हणजे मधलं ना? पण मी तर ॲव्हरेजच्या पण खाली आहे." मला तेव्हा काही उत्तर सुचलं नाही.

दहावीच्या प्रिलिमला शाळेने पेपर कडक काढले आणि कडक तपासले. तिला गणितात ५४ मिळाले. बोर्डात त्याच गणितात ७७. म्हणजे मुलगी बोर्डाच्या पेपरात चांगलीच सावरली होती. पण निकालाच्या संध्याकाळी शाळेकडून जे पोस्टर आलं त्यात पंच्याण्णवच्या वरच्या मुलांचे फोटो होते, आणि तिच्या वर्गातली जवळजवळ निम्मी मुलं नव्वदीच्या पुढे होती. त्या पोस्टरसमोर ८१.६ हा आकडा तिला नापास झाल्यासारखा दिसत होता. मी कबूल करते, मलाही तो तसाच दिसला.

मग अकरावीचा फॉर्म. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मुंबईत 'कॉलेज' अकरावीपासूनच सुरू होतं. आय.सी.एस.ई.ची बरीच मुलं दहावीनंतर राज्य मंडळाच्या ज्युनियर कॉलेजात येतात आणि तिथे दहावीच्या गुणांवरच सगळं ठरतं. मुंबई महानगर क्षेत्रात हे प्रवेश केंद्रीय पद्धतीने, ऑनलाइन होत. फॉर्मचे दोन भाग. पहिल्यात स्वतःची माहिती, गुण, कागदपत्रं. दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. प्रत्येक फेरीआधी दुसरा भाग बदलता येतो. आणि एक नियम असा, जो मी तेव्हा वाचला होता पण समजून घेतला नव्हता: पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकाचं मिळालं तर मात्र थांबता येतं, पुढच्या फेरीची वाट बघता येते.

या फॉर्मात 'शाळा किती अवघड होती' असा रकाना नाही. माझ्या बँकेतल्या मैत्रिणीचा मुलगा आय.बी.च्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या, शाळेत होता आणि अमेरिकेला अर्ज करत होता. तिच्याकडून कळलं की तिथे अर्जाबरोबर शाळेचा समुपदेशक शाळेची माहिती जोडतो: कोणते विषय शिकवतात, गुण कसे देतात, बॅचमध्ये गुणांची विभागणी साधारण कशी आहे. म्हणजे कडक शाळेतला मधला मुलगा हा कडक शाळेतला मधला मुलगा आहे, हे निदान वाचणाऱ्याला ठाऊक असतं. कॉमन ॲप या तिकडच्या सामायिक अर्जावर वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो, साडेसहाशे शब्दांत स्वतःबद्दल लिहिता येतं. त्याने प्रवेशाची खात्री मिळते असं नाही. तिच्या मुलालाही आधी नकारच आले. पण कोणीतरी त्याचं लिहिलेलं वाचलं तरी. आमच्याकडे ४०८ हा एक आकडा, त्यापुढे प्रवर्ग, बस.

बोर्डाबोर्डांतल्या फरकावरून मात्र आपल्याकडे खूप भांडणं झाली आहेत. २००८ साली सरकारने वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका पातळीवर आणायला पर्सेंटाइलचं सूत्र काढलं, ते उच्च न्यायालयाने रद्द केलं. २००९ला एस.एस.सी.च्या, म्हणजे राज्य मंडळाच्या, मुलांसाठी नव्वद टक्के जागा ठेवल्या, तेही टिकलं नाही. २०१०ला 'बेस्ट ऑफ फाइव्ह', म्हणजे सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथे मान्य झालं. २०१९ला एस.एस.सी.च्या भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले तेव्हा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि त्या वर्षी एस.एस.सी.चे पालक रडकुंडीला आले. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले, निकाल ९५.३० टक्के. २०२१ला परीक्षाच झाली नाही, अकरावीसाठी सी.ई.टी., म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा, घ्यायची ठरली, ती न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. हे सगळं मी त्या जूनमध्ये रात्री जागून वाचलं. मला वाटत होतं, माझ्या मुलीवर कुठेतरी अन्याय झालाय आणि तो कुठे झालाय ते या वाचनातून सापडेल. सापडलं नाही. कारण बोर्डाचा पेपर तिच्या शाळेतल्या पहिल्या मुलीला आणि तिला एकच होता. शाळेने तिचे बोर्डाचे गुण कमी केले नव्हते. शाळेने तिच्या आणि आमच्या मनात तिची एक खालची जागा ठरवून टाकली होती, आणि फॉर्म आम्ही त्या जागेवर बसून भरला.

तिला आर्ट्स घ्यायचं होतं, मानसशास्त्रासाठी. हे एक बरं होतं की विषयाबद्दल तिचं नक्की होतं. पण मानसशास्त्र प्रत्येक ज्युनियर कॉलेजात नसतं, आणि असलं तरी विषयांच्या ठरलेल्या गटातच मिळतं. यांच्या जुन्या डायरीत आम्ही पेन्सिलीने यादी केली. रुईया आणि झेवियर्सचे आर्ट्सचे कट-ऑफ नव्वदीच्या वर, ते सगळ्यांनाच माहीत. झेवियर्समध्ये निम्म्या जागा ख्रिस्ती अल्पसंख्याक कोट्याच्या. के.सी., जयहिंद सिंधी अल्पसंख्याक, मिठीबाई गुजराती, तिथेही निम्म्या जागा त्यांच्या. त्याशिवाय दहा टक्के इनहाउस, ते त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांना, आणि पाच टक्के व्यवस्थापनाच्या. आमच्या लेकीच्या शाळेचं स्वतःचं कॉलेज नाही. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या मराठी मुलीला यातला कुठलाच कोटा नव्हता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या संस्था त्या त्या समाजाने पदराला खार लावून उभ्या केल्या आहेत. पण कट-ऑफ इतके वर का जातात हे कळायला हे आकडे माहीत हवेत. कोट्यातल्या न भरलेल्या जागा पुढे केंद्रीय प्रवेशात येतात, आणि म्हणून नंतरच्या फेऱ्यांत कट-ऑफ खाली येतो. हेही माहीत हवं. आम्हाला नव्हतं.

पहिल्या फेरीला आम्ही दहाच्या दहा नावं मोठी टाकली. कारण दुसरी नावं लिहायला हात धजत नव्हता. लेक म्हणाली, "बाबा, यातलं एक पण मिळणार नाही." हे म्हणाले, "लिहायला काय जातंय?" खरं तर ते चुकत नव्हते. वरची नावं वर लिहिल्याने काही बिघडत नाही, मिळालं नाही तर यंत्रणा पुढच्या नावाकडे जाते. चूक ही की खाली जाळी लावलीच नाही. शेवटची तीन-चार नावं गेल्या वर्षीच्या कट-ऑफमध्ये आपण नक्की बसू अशी हवी होती.

पहिली यादी लागली. सकाळी मी बँकेत काउंटरवर होते. तिचा मेसेज आला, 'नॉट अलॉटेड'. नुसते दोन शब्द. दुपारच्या सुट्टीत फोन केला तर उचलला नाही. घरी आले तेव्हा दार लावून झोपली होती, आणि उशीखाली ती डायरी.

त्या दोन दिवसांत घरात जे झालं त्याची मला अजून खंत वाटते. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एकापाठोपाठ एक 'गॉट फर्स्ट प्रेफरन्स' येत होतं. वन्सं भेटायला आल्या, काळजीनेच आल्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. घराजवळचं, नक्की मिळेल असं टाका आणि मोकळ्या व्हा. पोरीचा जीव किती टांगणीला लावायचा?" मला ते पटलं. यांनाही पटलं. लेकीने मान हलवली, कारण नववीपासून तिला एवढंच शिकवलं गेलं होतं की आपल्याला जे मिळेल ते घ्यायचं.

दुसऱ्या फेरीला पहिल्या ओळीत आम्ही घराजवळचं एक कॉलेज टाकलं. गेल्या वर्षी त्याचा कट-ऑफ सत्तरीत होता. दुसऱ्या ओळीत माटुंग्याकडचं, तिला खरोखर हवं असलेलं. तिथे मानसशास्त्र होतं, त्याचा पहिल्या यादीचा कट-ऑफ होता ४१९. अकरा गुणांचा फरक. तो आम्हाला डोंगराएवढा वाटला. मीच डायरीतलं ते नाव खोडून एक ओळ खाली लिहिलं. कागद पातळ होता, खोडरबराने जरा फाटला. तिने तो बोटाने सारखा केला आणि काही बोलली नाही.

पहिलं नाव मिळालं, अर्थातच मिळालं. 'प्रोसीड फॉर ॲडमिशन'वर क्लिक केलं, फी भरली, सासूबाईंनी देवाला साखर ठेवली. चार दिवस घर शांत होतं.

तिसरी यादी लागली तेव्हा मी सहज, अगदी सहज, माटुंग्याच्या कॉलेजचा कट-ऑफ बघितला. ४०६.

आमचे ४०८.

मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. तिला सांगावं की नाही हे रात्रभर ठरेना. सकाळी तीच चहा पिताना म्हणाली, "बघितलं मी. चारशे सहा." आणि मग, "असू दे गं आई." त्या 'असू दे'चा मला सर्वांत जास्त राग आला, तिचा नाही, माझाच. कारण तो शब्द मी तिच्या तोंडी घातला होता.

इथे जे अशाच शाळांतल्या मधल्या मुलांचे पालक वाचत असतील त्यांना हात जोडून सांगते: पहिल्या ओळीत फक्त तेच कॉलेज लिहा जे मिळालं तर दुसऱ्या कशाकडे वळून बघावंसं वाटणार नाही. सुरक्षित नावं खाली, आठव्या-नवव्या-दहाव्या ओळीत. ती तिथेही तुम्हाला तितकीच सांभाळतात. पहिल्या यादीचा कट-ऑफ म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. गेल्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांचे कट-ऑफ शेजारी शेजारी लिहून बघा, आर्ट्सला तर नक्कीच. आणि मुंबईत दरवर्षी अकरावीच्या हजारो जागा रिकाम्या राहतात. कॉलेज मिळणारच नाही, ही भीती खरी नाही. हवं ते मिळेल का, एवढाच प्रश्न आहे, आणि तो सोडवायला वेळ असतो.

मिळालेल्या कॉलेजात मानसशास्त्र नव्हतं. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र घेतलं. पहिले दोन महिने ती कोणाला शाळेचं नाव सांगत नव्हती, कारण सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, "मग इथे कशी?" मग पहिली घटक चाचणी झाली. समाजशास्त्राच्या सरांनी तिची उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवली. शाळेत इंग्रजीची चार-चार पानी उत्तरं लिहून तिचा हात तयार झालेला, इथे त्याचं कौतुक झालं. मुली तिच्या नोट्स मागायला लागल्या. एक मुलगी विरारहून यायची, मराठी माध्यमातली, तिला इंग्रजीची भीती. या दोघी लेक्चर संपल्यावर जिन्यात बसून एकमेकींना शिकवायच्या, ही तिला इंग्रजी आणि ती हिला अर्थशास्त्रातले आलेख. आलेखांत हिचं गणित आडवं यायचं ना. एकदा मी न्यायला गेले होते तेव्हा दुरूनच ऐकलं, लेक मोठ्याने समजावून सांगत होती. तो आवाज मी सातवीनंतर ऐकलाच नव्हता.

मी असं म्हणत नाही की साधं कॉलेजच बरं. तिथे ग्रंथालय दुपारी चारला बंद व्हायचं आणि काही विषयांना शिक्षक तीन-तीन महिने नव्हते. त्याची झळ तिला बसलीच.

५ मे २०२५ला बारावीचा निकाल लागला. सहाशेपैकी ५२१, ८६.८३ टक्के. या वेळी ग्रुपवर तिने स्वतः टाकलं. पदवीच्या प्रवेशाला पुन्हा वेगळी तऱ्हा: मुंबई विद्यापीठाच्या साइटवर आधी नोंदणी, मग त्या छापील पानासह प्रत्येक कॉलेजचा स्वतंत्र फॉर्म. एकच यादी नाही, पसंतीक्रम नाही, जिथे जिथे हवं तिथे अर्ज करायचा. पण ज्या कॉलेजातून बारावी केली तिथल्या मुलांना पदवीला आधी जागा मिळते, आणि अकरावीची ती ओळ इथे पुन्हा समोर आली. माटुंग्याच्या कॉलेजच्या तिसऱ्या यादीत तिचं नाव लागलं नाही, थोडक्यात राहिलं. अकरावीला तिथे गेली असती तर यादीची वाटही बघावी लागली नसती. हे तिलाही कळलं, मलाही. आम्ही त्यावर एकदाच बोललो. मानसशास्त्र असलेलं दुसरं कॉलेज तिला दुसऱ्या यादीत मिळालं, अंधेरीकडचं. रोज सकाळी उलट्या दिशेची लोकल, त्यामुळे बसायला जागा मिळते म्हणते. बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायला बारावीला तो विषय असावा लागत नाही, ही भीतीही आम्ही दोन वर्षं उगाचच बाळगली होती.

त्याच जूनमध्ये खालच्या मजल्यावरची शेजारीण तिच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. त्याला आय.सी.एस.ई.लाच ७६ टक्के, शाळाही आमच्या लेकीच्या शाळेसारखीच कडक. अकरावीचे प्रवेश त्या वर्षी सगळ्या राज्याचे एकत्र ऑनलाइन झाले, पण दहा ओळी त्याच आणि पहिल्या ओळीचा नियमही तोच. मुलगा मान खाली घालून बसला होता. आईने कागद पुढे केला. पहिल्या ओळीत चाळीजवळचं कॉलेज.

मी काही बोलायच्या आत लेक आतून आली, त्याच्या शेजारी बसली, आणि तो कागद स्वतःकडे ओढून म्हणाली, "हे नको सांगूस. तुला कुठे जायचंय?"

त्याने आईकडे बघितलं. मग एक नाव सांगितलं, इतक्या हळू की तिला दोनदा विचारावं लागलं. तिने ते पहिल्या ओळीत लिहिलं, पेनाने.